जिथे टेकेल तिथे

एकादशीच्या किलोभर रताळ्यांतलं एक
कांद्यांच्या टोपलीत मागे राहिलं.
सापडलं तेव्हा त्याला जांभळे कोंब,
करंगळीएवढे, आणि सगळे खिडकीकडे वळलेले,
जसं कुणी येणार असल्याचा निरोप आहे.

मी चार काड्या टोचून
ते बरणीच्या तोंडावर बसवलं,
अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर.
सुनीती म्हणाली, लोणच्याची बरणी आहे ती.
विचारायचं तरी.

मग विश्वामित्री आली.
तिने पासबुकं उचलली, मी बरणी.
जिन्यात एकमेकांकडे पाहिलं
आणि त्यावर अजून बोललेलो नाही.

तीन दिवस वरच्या मजल्यावर दिघ्यांकडे.
त्यांचा नातू दर तासाला
पायरीवर खडूने रेघ मारून यायचा.
गॅरेजपाशी मगर होती म्हणे.
मी पाहिली नाही,
पण सांगताना पाहिली असंच सांगतो.
कोंब तेवढ्यात दोन बोटं वाढले.

पाणी गेलं. मागे अंगणभर वीतभर गाळ,
चहात साय विरघळावी तसा रंग.
गुलाब गेले, कढीलिंब गेला,
कुणाची तरी एक चप्पल आली.

कोंब एकेक पिळून मोडायचे, ओढायचे नाहीत.
पेल्यात ठेवले की चार दिवसांत
पांढरी मुळं, विरळ दाढीसारखी.
रताळं देतच राहिलं. एक घाणा, दुसरा घाणा.
गल्लीत वाटले. पोस्टातल्या शिर्क्यांना दिले,
इस्त्रीवाल्याला दिले.
शेवटचा, अगदीच किडकिडीत,
जसुमतीबेनना. त्या म्हणाल्या,
शक्करियां? आ उंमरे?
आणि रंगाच्या जुन्या डब्यात खोचून मोकळ्या झाल्या.

दिवाळीपर्यंत अंगण हिरवं झालं होतं.
येणारा-जाणारा फाटकाशी थांबायचा.
मी उगाच पाइप घेऊन उभा.
एकदा भाईलालभाई आले,
वाघोडियाकडे त्यांची शेती होती पूर्वी.
म्हणाले, वेल उचलत जा, मास्तर.
जिथे टेकेल तिथे मूळ धरतो.
गाठीगाठीला मूळ धरलं
की कुठेच धड पोसत नाही.

सुनीती दारातून म्हणाली,
यांच्या खापरपणजोबांना
कुणी वेळेवर उचललं नाही.
(ते साताऱ्याकडून आले होते
पागेचा हिशेब लिहायला, दोन वर्षांसाठी.)
मी वेल उचलत राहिलो.
उचलताना बारीक आवाज येतो,
जुन्या शिवणीचे टाके उसवावेत तसा.
काही सोडून दिले.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी खणलं.
पानं गुडघाभर, आणि खाली
सुतळीसारखी मुळं. मोजून सात रताळी,
त्यांतली पाच तर बोटंच.
गाळ फार कसदार होता.
सगळं पानांनी खाल्लं.
मी मातीत हात घालून थोडा वेळ तसाच बसलो,
आणखी एखादं लागेल म्हणून.
लागली ती चप्पल, दुसऱ्या पायाची.

संध्याकाळी जसुमतीबेन आल्या,
ताटलीवर रुमाल.
त्यांचा डबा बुडाशी फाटला होता.
आत चार निघाली, मुठीएवढी,
अंगाला पत्र्याचा रंग लागलेली.
दोन आणली होती.
तमारुं ज छे, म्हणाल्या,
आणि बसल्या नाहीत.

उपासाला त्यांचंच उकडलं.
दूध, थोडं मीठ. आमची बोटं तुपावर परतली.
सुनीतीने दोन्हींतलं खाल्लं
आणि मतप्रदर्शन केलं नाही.

मूळचं रताळं केव्हाच मऊ पडलं होतं.
दाबलं तर नुसती साल, आत काही नाही.
नळापाशी पुरून टाकलं.

आता चैत्र संपत आला, तिला बरणी हवी आहे.
राखेने घासली, चिंचेने घासली,
अर्ध्यावरची पांढरी रेघ जात नाही.
भिंतीवरची चुन्याखाली गेली,
ही राहिली.
मी म्हटलं, नवीन आणतो.

असू दे, ती म्हणाली,
कैरीला काय कळतंय.