दोरी

मंडूरच्या शेतकरी संघाचं कार्यालय
म्हणजे रेशन दुकानावरची खोली.
पंखा एक, खुर्च्या सात, माणसं अकरा,
म्हणून चौघं खिडकीत.
"आकडा सांगा," अध्यक्ष म्हणाले,
"खाजणात भात परत कुठल्या साली?"
पहिल्या बैठकीत हेच विचारतात सगळे,
साखर कारखाना असो की इस्पितळ.
मी नेहमीसारखंच म्हटलं:
मी ज्योतिषी नाही, आणि मला भिंत लागेल.

भिंत रिकामी नव्हती.
मागल्या वर्षाचं कॅलेंडर उलटं टांगलं,
एक चौकोन काढला, आत लिहिलं: मीठ.
येणाऱ्या पाण्याचा एक बाण, जाणाऱ्याचा एक,
दोन्हींवर एकेक छोटा नळ.

शाणू गावडे उठून जवळ आला,
मानशीवर चाळीस वर्षं बसलेला माणूस.
चष्मा नव्हता, बोटानेच वाचलं.
"हा नळ म्हणजे आमची मानस ना?
मग चुकलं, बाय. तिला हात लावावा लागत नाही.
भरती आली की दारं आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात. पाणी जातं ते बाहेरच.
आत यायची वाट तू कुठून काढलीस?"

कुठून?
मातीचे नमुने खारट निघाले होते,
आकडे जुळवायला मी एक गळती धरली होती,
बांधातली खेकड्यांची बिळं वगैरे.
म्हटलं, दारं मिटतात, तर मीठ येतं कसं?

तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू आला.
बेनितो रिबेलो चहाच्या कपात बघत राहिला.
सहा वर्षं मानशीची पावणी त्याच्याच नावावर,
दर वर्षी लिलावात त्याचीच बोली वरची.
खिडकीतून एस्पेरांसबाय म्हणाली,
"दोरी."

रात्री दार बांधून उघडं ठेवतात.
भरतीबरोबर सुंगटं येतात, चोणक येतो,
ओहोटीला जाळ्यात सापडतात.
मिठाला जाळं अडवत नाही.

मी कॅलेंडरवर लिहिलं: दोरी.
दोरीतून मासळी, मासळीतून पावणीचा पैसा,
पैशातून बांधाची डागडुजी.
रिबेलोची मान वर आली.
"बघा, बांध माझ्यावर उभा आहे."
खोटं नव्हतं ते.

पण दुसरा फेरा लांबचा, संथ:
मीठ, मग करपलेलं कोरगुट,
मग शेत सोडून वेर्ण्याच्या कारखान्यात गेलेला मुलगा,
मग बांधावर चिखल थापायला हात नाहीत,
मग मजुरी, मग पावणी आणखी चढी,
मग दोरी आणखी जाड.
एका बाणावर दोन आडव्या रेघा मारल्या. विलंब.
"किती?"
दोरी आज सोडली तरी तीन पावसाळे.
"आणि तोवर बांध कोण सांभाळणार?"
ते माझ्याकडे नव्हतं.
मी पाणी प्यायले.

"तुझे पैसे कुठून येतात गो?"
पुन्हा एस्पेरांसबाय. "तुझा बाण दिसत नाही."
अध्यक्ष घाईने म्हणाले, संघाच्या खात्यातून.
खात्यात काय असतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.
मार्कर सुकत आला होता.
पावणीपासून कोपऱ्यापर्यंत एक फिकट रेघ ओढली,
टोकाला माझं नाव.
कुणी हसलं नाही. रिबेलोने मात्र
बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

खाली उतरले तर ओहोटी लागलेली.
शाणू म्हणाला, येतेस, दाखवतो.
दोरी खुंटीवर होती. निळी, नायलॉनची,
मीटरवर मिळते तसली.
गाठ मात्र सुरेख, एका झटक्यात सुटेल अशी,
आणि पाण्याने कितीही ओढली तरी सुटणार नाही अशी.
"कुणाची गाठ?"
"माझी," शाणू म्हणाला. दारातून पाणी बाहेर जात होतं,
तो त्याच्याकडेच बघत होता.
"रात्रीचे दोनशे."

मी वही काढली
आणि लिहून घेतलं: दोनशे.