सुरगाठ

चौदावा दुवाही निकामी निघाला.
आलेखावर एकच शिखर हवं होतं,
तीन उभी राहिली, पडक्या दातांसारखी.
म्हणजे विष पुन्हा वाटेतच सांडलं,
उंदराच्या रक्तात,
गाठीपर्यंत पोचायच्या आधी.

मी हातमोजे काढले. वहीत लिहिलं :
'क्र. १४. सैल.'
तेरावा घट्ट होता. इतका,
की पेशीच्या पोटात शिरूनही
त्यानं मूठ उघडली नाही.

बाहेर ब्रिस्बेनचं फेब्रुवारीतलं ऊन.
शाळेच्या फाटकाशी रुंद टोप्यांचा घोळका,
नाकानाकांवर पांढरं मलम.
आमच्या वेळी टोपी विसरली तर कुणी ओरडत नसे.
केस्टरमामाच्या वेळी तर सदराही नव्हता.
चाळीस वर्षं कोळंबीच्या बोटीवर
त्यानं तोंड समुद्राकडे केलं
आणि पाठ सूर्याकडे.

तीळ पाठीवरच होता.
त्याला दिसणार कसा?
दिसला तो हियेपला, बोटीवरच्या पोऱ्याला.
"कप्तान, पाठीला डांबर लागलंय."
घासून बघितलं.
निघालं नाही.

आता ते डांबर यकृतात आहे.

रविवारी विनमच्या धक्क्यावर आम्ही बसलो.
ओहोटी. चिखलात एक लिबलिबीत गोळा,
सशासारखे दोन कान उभारलेला.
म्हटलं, मामा, आमचं विष
पहिल्यांदा ह्याच्याच भावकीत सापडलं होतं.
"ह्याच्या?" तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
"ह्याला तर मी जन्मभर जाळ्यातून उपटून फेकत आलो."

मग सांगत बसले, कुणी न विचारता :
प्रतिपिंडाला पत्ता ठाऊक असतो,
विषाला फक्त मारणं.
दोघांना बांधणारा धागा माझा.
रक्तात आठवडाभर सुटायचा नाही,
आणि आत, त्या आंबट काळोखात,
सुटायचा क्षणात.

त्यानं खिशातून दोरीचा तुकडा काढला.
बोटं थरथरत होती, गाठ नाही.
"लाट ओढेल तशी आवळते. बघ.
आणि हे टोक ओढलं की..."
दोरी सरळ. जणू काही घडलंच नव्हतं.
"तू एकतर निरगाठ मारतेस
नाहीतर गाठच मारत नाहीस."

टोक ओढायला तिथे हात कुणाचा, मामा?
"तिथे जो राहत असेल त्याचा."

हे मला येत होतं. पहिल्याच धड्यात असतं :
पेशीत कात्र्या असतात,
त्यांना आवडेल असा धागा वीण.
माझ्या चौदाही धाग्यांत तेच तर होतं,
कागदावर.
तरी मी ती दोरी मागून घेतली
आणि तीनदा मारून बघितली.
तिसऱ्यांदा जमली.

कधी येणार हे औषध, त्यानं विचारलं नाही.
मीही म्हटलं नाही
की उंदरांनंतर माकडं, माकडांनंतर कागद,
कागदांनंतर कागद,
मग कुणीतरी पहिला माणूस,
ज्याची पाठ आज कदाचित
कुठल्यातरी शाळेच्या मैदानात
पोळत असेल.

भरती लागली.
तो वाकला, वेळ घेत,
गोळा ओंजळीत उचलून पाण्यात सोडला.
"जा. तुझं काम आहे अजून."
जाताना त्यानं रंग सोडला, गडद जांभळा,
मामाच्या अंगठ्यावर.

मी पदराविना, रुमालाविना,
नुसत्या बोटानं घासून बघितलं.

निघालं.