रकाना क्रमांक चौदा

शारजात रोला म्हणजे वड.
चौकात एक होता म्हणतात, त्याच्या सावलीत बाजार भरे.
वड पडला. नाव मात्र बसथांब्याला चिकटून राहिलं.
त्या थांब्यामागे आमचं टायपिंग सेंटर:
तीन संगणक, एक झेरॉक्स, कुंजुमोनसाहेबांचा थर्मास
आणि मी, वेंगुर्ल्याची, मराठीत एम.ए.,
व्हिसावर सफाई कामगार,
कारण कोट्यात तेवढीच जागा शिल्लक होती.

ती आली ऑगस्टात, भर दुपारी,
मुलाने पुढे केलेला हात न धरता.
डोक्याला निळं कापड, उंच बांधलेलं;
पायात नातवाचे वाटावेत असे बूट.
‘आई आहे,’ मुलगा म्हणाला. ‘माझ्या नावावर रेसिडेन्सी.’

नाव: तवोंगा न्यिरेंडा.
जन्मतारीख: ठाऊक नाही, मिशनऱ्यांनी एक जानेवारी लिहिली.
आमच्याकडे मास्तर एक जून लिहायचे, मी म्हटलं.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

रकाना चौदा. पेशा.
‘मंत्री,’ ती म्हणाली. ‘मासेमारी आणि तळी. दोनदा.
त्याआधी सभागृहात एकटी बाई, अकरा वर्षं.
त्याआधी तुरुंग.
त्याआधी वाळूवर मासे सुकवायचे, आईबरोबर.’

मी यादी खाली ओढत गेले.
मेंढपाळ होता, मेकॅनिक होता,
ससाणे सांभाळणाऱ्यालासुद्धा वेगळी ओळ होती.
मुलाने घड्याळ पाहिलं. ‘गृहिणी टाका.’
रिकामं ठेवता येईल? तिने विचारलं.
नाही येत. रकाना लाल होतो,
पान पुढे सरकत नाही.

‘आमच्या सभागृहात बायकांचं न्हाणीघर नव्हतं,’
ती सांगू लागली, लाल रकान्याकडे बघतच.
‘मी रस्त्यापलीकडे मासळीबाजारात जायची.
सरकार एका मतावर उभं, आणि ते मत माझं.
मी सावकाश चालायची.
कोळणींशी बोलायची, भाव विचारायची,
सभापती हातोडा धरून बसलेले.
तिसऱ्या आठवड्यात गवंडी आले.’

आणि मग? मी विचारलं.
मग बरंच काही. मग पडले, दोनशे बारा मतांनी.
मिठावरचा कर उठवते म्हणाले होते, उठवला नाही.
‘त्याच कोळणींनी पाडलं मला,’
चष्मा पुसत ती म्हणाली, ‘बरोबर केलं त्यांनी.’

मी ‘गृहिणी’ टाकलं. पान सरकलं.

प्रिंट निघाली. सहीसाठी पेन दिलं.
तिने ते बाजूला ठेवलं आणि वाचायला बसली.
सगळं वाचलं. बारीक अक्षरातलंही.
अरबी बाजूवर बोट ठेवून: इथे काय म्हटलंय?
मागे रांग दारापर्यंत. मुलगा कानकोंडा.
कुंजुमोनसाहेब खाकरले, दोनदा.

रांगेत ब्रिटुकान होती, इथिओपियाची,
एजंटाने दिलेला करार छातीशी धरून, बहुतेक एकोणीसची.
झेरॉक्स हवी होती तिला.
‘तू वाचलंस का ते?’
तिने मान हलवली. अरबीत होतं.
न्यिरेंडाबाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला.
‘हिला वाचून दाखव. मोठ्याने. मी थांबते.’

मी वाचलं, अडखळत.
सातव्या कलमात सुट्टीचा दिवस नव्हता.
नवव्यात पासपोर्ट मालकाकडे.
रांगेतला आवाज हळूहळू विरला;
शेवटून कोणीतरी म्हणालं, माझाही बघता का?

साडेचार वाजले. थर्मास रिकामा.
ती खुर्चीत बसून होती, बूट काढून,
‘पुढचं कलम,’ म्हणत.

पुढच्या मार्चमध्ये मुलगा एकटाच आला.
व्हिसा रद्द करायचा होता.
कारण: मृत्यू. पेशा आधीचाच आला, आपोआप, राखाडी अक्षरात,
त्यावर कर्सर जात नाही.
शेऱ्यासाठी जागा होती, चाळीस अक्षरांची.
मी बोटांवर मोजत बसले,
कुठूनही सुरुवात केली तरी
मासळीबाजारापर्यंतसुद्धा पोचत नव्हते.

फी भरून तो गेला.
मागची बाई पुढे सरकली, हातात गुंडाळलेला कागद.
फक्त झेरॉक्स, ती म्हणाली.
बसा, मी म्हटलं.