कठडा

आर्लिस थॉरस्टॅड, नॉर्थ डकोटा विधानसभा,
मागून दुसरी रांग, खांबाआड.
बावीस वर्षं.

नावावर कायदा एकच:
एल्क खाडीच्या पुलाला लोखंडी कठडा.
तोही तिसऱ्या खेपेला,
आणि बदल्यात दिलं
बदकांच्या पाणथळीविरुद्ध एक मत,
जे अजून घशाखाली उतरत नाही.

यंदा एकेचाळीस मतांनी पडली.
जिंकलेल्या पोराला स्वतःहून फोन केला:
"गाडी उत्तरेकडं लावू नकोस हं,
बर्फ तिथंच लोटतात."

नावाची पाटी पर्समध्ये.
घरी जाताना पुलावर थांबली,
हातमोजा काढून
कठड्यावर तळवा टेकला.
उणे तीस.
कातडी लोखंडाला चिकटली,
आणि ती तशीच उभी,
ओढून घ्यायची
तिलाही काही घाई नव्हती.