पट्टी

सांगलीत, गणपती पेठेतल्या हत्यारांच्या दुकानात
विचारलं, किती टिकेल?
निरंजन कोठारी चष्म्यावरून बघत म्हणाले,
आयुष्यभर.
मी म्हटलं, कुणाच्या?
त्यांनी पावती फाडली.

करंगळीएवढीही जाड नव्हती.
पोलादाची पट्टी, वर हिऱ्यांची भुकटी
निकेलमध्ये रुतवलेली.
मिरजेपर्यंत एसटीत मी ती मांडीवर धरून बसलो.
शमशाद म्हणाली, अठ्ठावीस वर्षांत
घरात पहिल्यांदा हिरे आले,
तेही पटाशीसाठी.

पहिले पंधरा दिवस फार कर्कश वागली.
पटाशी टेकवली की किंचाळायची,
पात्यावर ओरखडे, मांजराने काढावेत तसे.
वाटलं, फसलो.
मग जे कण नीट रुतले नव्हते ते गळून गेले
आणि आवाज खाली आला.
आमच्या गल्लीत पट्टी म्हणजे सूरसुद्धा.
काळी चारवरून उतरत उतरत
ती सफेद दोनला येऊन बसली.
म्हटलं, आता ही कामाची.

जुबेरला सगळं सांगितलं होतं.
दाबायचं नाही, पटाशीचं स्वतःचं वजन पुरतं.
पाण्याचे चार थेंब. तेल नको,
तेलात काळा गाळ धरतो, कणांचे दात बुजतात.
एकाच जागी घासत बसू नकोस, कडेपर्यंत जा.
तांब्यापितळेला लावायची नाही.
काम झालं की साबण, जुना टूथब्रश,
कोरडं फडकं, आणि फ्लॅनेलमध्ये गुंडाळून
तुंब्यांच्या फळीवर, लहान पोरांच्या हाताच्या वर.
तो मान हलवत होता.
मान गाण्यावर हलत होती हे नंतर कळलं,
कानात बोंडं होती.

आज्याचा कुरुंद कोपऱ्यात असायचा.
मधोमध इतका खोल, की वाटीभर पाणी राहावं.
तलवारी मी पाहिल्या नाहीत. आज्यानेही नाहीत,
त्याच्या आज्याच्या गोष्टी तो आम्हाला सांगायचा.
पण आज्याचं मनगट त्या खळग्यात होतं,
जरासं डावीकडे कललेलं.
धार लावायला मी तो कधीच वापरला नाही.
चहा पिताना त्यात बोट फिरवायचो.

मी दोन दिवस बेगमपूरला गेलो, भोपळे निवडायला.
परतलो तर दगड सपाट.
जुबेर घामाघूम आणि खूश.
चाचा, तुमच्या पट्टीवर घासला!
बघा, पाटासारखा झाला.
मी पट्टीवर अंगठा फिरवला.
काच.

तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, असं शमशाद सगळ्यांना सांगते.
खोटं आहे. दर्ग्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

रात्री झोप आली नाही, तेव्हा हाच हिशोब चालला होता.
दगड झिजतो तेव्हा दिसतो,
पोट खपाटीला जातं, कुणीही सांगेल, म्हातारा झाला.
पट्टी शेवटपर्यंत सपाट.
वजन तेवढंच, चमक उलट जास्त,
आणि एक दिवस चावत नाही.
कोठारींना जाऊन काय विचारणार?
त्यांनी वर्षांत सांगितलं असतं.
पाच वर्षांची पट्टी पोराने दोन दिवसांत खाल्ली,
आणि आज्याची सत्तेचाळीस वर्षं
तिने.

नवी आणली. पावती फाडली, आयुष्यभर म्हणाले.

जुनी फेकली नाही.
घोडीची जवारी काढायच्या पात्याला
शेवटचे दहा हात तिच्यावर देतो.
तिथं चावरेपणा नकोच असतो.
आवाज इतका बारीक, की श्वास धरावा लागतो.
शमशादने त्या वेळी कुकर लावला
तर मी अजूनही चिडतो.

दगड जुबेरला देऊन टाकला.
नव्या पट्टीला हात लावायचा नाही, म्हटलं,
यावरच शीक.
आठ वर्षं झाली. आता तो माझ्यापेक्षा बरी पानं कोरतो,
तबलीवरची वेल तर त्याचीच.
काल कारखाना झाडताना पाहिलं,
दगडावर मधोमध
पाणी थांबायला लागलंय. थेंबभरच.
उजवीकडे.
डावखुरा आहे तो.

मी झाडू तिथेच टेकवला,
आणि ओरडलो,
पट्टी पुसली का रे?