गळ्यातली टेप

आमच्या बितोमला समुद्र नाही.
आहे तो पाचशे किलोमीटर वर, आणि तोही अळणी.
म्हणून मी समुद्र पोत्यानं मागवते,
दर सोमवारी पिंपात ढवळते.
दुकानाच्या काचांवर बाहेरून बर्फ, आतून घाम.

एरविन आला तेव्हा टोपी हातात धरलेली,
जणू दवाखान्यात आलाय.
"चार फुटी टाकी घेतली," म्हणाला, "तीनशे लिटर.
बायकोचं शिवणयंत्र होतं त्या जागी."
मी पुढचं विचारलं नाही.

त्यानं बोट ठेवलं निळ्या सर्जनवर,
बिस्किटाएवढं पिल्लू.
मी टेप काढली (शिंप्यासारखी गळ्यातच असते माझ्या)
आणि काचेवर एक वीत, वर चार बोटं धरून दाखवली.
"एवढा होतो. शिवाय पळणारा.
तुमच्याकडे त्याला नुसती वळणं मिळतील, रस्ता नाही."

मग काळ्या ठिपक्यांचं पांढरं पोर,
कल्ले झालरीसारखे हलवत उभं.
"हे?"
मी त्याला मागच्या खोलीत नेलं.
तिथं निळ्या हौदात त्याच जातीचा एक, हातभर लांब,
तीन घरांतून परत आलेला.
तिसऱ्या घरी शेजारी गिळले त्यानं,
एका रात्रीत, आवाज न करता.
एरविन वाकून बघत राहिला.
हौदातलाही बघत राहिला.

अंथरूण पाहून पाय पसरायचे ते माणसांनी.
मासा अंथरूण बघत नाही, वाढतो.
जागा संपली की मरतो, तेही सावकाश,
आणि लोक म्हणतात, पाणी बिघडलं असेल.

शेवटी त्यानं खिशातून घडी घातलेलं चित्र काढलं.
हिरवी वाम, मांडीएवढी जाड, तोंड उघडं.
"खरं तर मला ही हवीय."
"ही दोन मीटरच्या वर जाते, एरविन.
तुम्ही स्वतः टाकीत झोपून बघा आधी."
तो हसला नाही.
"एकतीस वर्षं कोळशात," म्हणाला,
"सत्तर सेंटीमीटरचा थर, कोपरांवर सरकत.
वाटलं, बिळात राहणारं कुणी असेल
तर निदान मला त्याचं कळेल."

बिळात तिला घट्टच लागतं, मी म्हटलं,
चहूबाजूंनी दगड अंगाला टेकलेला.
पण बाहेर पडल्यावर लांब होता यायला हवं.

म्हणून मग ही दुसरी, बर्फाच्या शिंतोड्यांची,
नळीच्या तुकड्यातून नाक काढून बसलेली.
"हिची हद्द?"
"सत्तर सेंटीमीटर."
"थराएवढी," तो म्हणाला, आणि पाकीट काढलं.

झाकणाचं मी तीनदा सांगितलं.
वायरीचं भोक, कोपऱ्यातली फट,
बोट जाईल तिथून ही जाते.
"फटींचं मला शिकवू नका," म्हणाला.

फेब्रुवारीत रात्री दीडला फोन.
टाकी रिकामी.
मी पोचले तर हा फरशीवर आडवा, कपाळाला खाणीतला दिवा,
हीटरमागे हात घालून.
निघाली. धुळीनं काळीकुट्ट, डोळे तेवढे चमकणारे,
तोंड उघडतेय, मिटतेय.
बादलीतल्या खाऱ्या पाण्यात त्यानं तिला धुतलं,
पाठ चोळून, पाळी संपल्यावर धुतात तसं.
"पंपाची वायर," म्हणाला. "माझ्याच हातची फट."
मी कोट न काढता चहा प्यायले.

आता दर गुरुवारी येतो.
मागच्या खोलीत बसून हौदातल्याला कोळंबी सोलून देतो,
शेपट्या ओळीनं रुमालावर मांडतो.
त्याच्याशी काय बोलतो, मला ऐकू येत नाही.
गेल्या खेपेला निघताना माझी टेप मागितली.
कशाला, म्हटलं.
"झोपायच्या खोलीची भिंत मोजायचीय," म्हणाला,
"पलंग काढला तर."