नख जाईल एवढी फट

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात
लिअँडर पार्डी दुकानात आला, मागे नात मॉड.
नुकतीच पुसलेली फरशी दोघांच्या रबरी बुटांनी पुन्हा ओली.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
रंगाचे डबे, दोरखंड, खिळे आणि बंदुका
मी एकाच फळीवरून विकतो.
आधी आजा विकायचा, मग बाप.

"हिच्यासाठी," तो म्हणाला. "टर मारायला. होडीतून."
एवढंच.

मी दोन काढल्या.
पहिली इटलीची दुनळी, दस्ता अक्रोडाचा,
पोलादावर कोरलेली बदकं इतकी बारीक
की एकेक पीस मोजून घ्यावं.
त्याने बदकांकडे पाहिलंच नाही.
लाकूड जिथे लोखंडाला भेटतं
तिथे अंगठ्याचं नख फिरवलं.
कुठे अडलं नाही, कुठे शिरलं नाही.
मग किमतीची चिठ्ठी उलटून वाचली
आणि हळूच पालथी घातली,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तशी.

दुसरी तुर्कस्तानची, नवीकोरी, आपोआप भरणारी,
किंमत पहिलीच्या पाचव्या हिश्श्याला.
मी माझं नेहमीचं सुरू केलं:
वजनाला हलकी, धक्का कमी, पाच वर्षांची हमी.
"बिघडली तर?"
सेंट जॉन्सला पाठवायची. सहा आठवडे, फार तर आठ.
"आणि टर तोवर थांबतात?"
मॉड हसली. तो नाही हसला.
त्याचं नख दस्त्याच्या कडेला आत गेलं.
"नख गेलं," तो म्हणाला, "मीठही जाईल."

तिसरी मी काढली नव्हती.
ती मागे कोपऱ्यात उभी होती, वल्ह्यांच्या शेजारी,
अँब्रोज कीपिंगची. त्याची बायको ठेवून गेली होती विकायला.
पंपाची, जड. हात धरतो तिथला निळा रंग उडून
नळी आतल्या पोलादापर्यंत पांढरी पडलेली,
दस्त्याला पितळेचे दोन स्क्रू, एक वाकडा.
तीस हिवाळे समुद्रावर.
"ती दे."

रिकामी आहे ना, त्याने पाहिलं.
मग मॉडला पाहायला लावलं. बोट घालून.
डोळे मिटून, कानाशी धरून,
पंप मागे, पुढे, मागे, पुढे,
डॉक्टर छाती ऐकतो तसा.
मग घोडा चढवला, सेफ्टी लावली
आणि दस्ता धाडकन फरशीवर आपटला.

फळीवरचे रंगाचे डबे हलले.
पुन्हा आपटला.
पुन्हा.
आतून काहीच वाजलं नाही.
तुर्की बंदूकही त्याने तशीच आपटली,
आणि खरं सांगायला हवं, तीही गप्प राहिली.

लाकूड फुटेल रे बाबा, हे माझ्या ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात मला गार्लंड आठवला, त्याचा धाकटा भाऊ.
होडीच्या आडव्या फळीला टेकवून ठेवलेली एकनळी,
एक लाट, फार मोठीही नव्हे.
त्या बंदुकीवर आमच्याच दुकानाची चिठ्ठी होती.

मॉडला दस्ता लांब होता.
त्याने तिच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं,
कानावरची पेन्सिल काढून रेघ मारली,
वाकड्या स्क्रूच्या थोडी अलीकडे.
"इथे कापू. वाढलीस की तुकडा परत लावू."

मी म्हणालो, चाळीस डॉलर कमी करतो.
तो नोटा मोजत होता. मान वर न करता म्हणाला,
"तुझ्या बापानेही केले होते."

मी चिठ्ठीवरचे पूर्ण पैसे घेतले.

मॉडने तेलाची बाटली मागितली, लहान.
मी मोठी पुढे केली, राहू दे म्हटलं, पैसे नकोत.
तिने ती जागेवर ठेवली,
लहान उचलली, झाकण घट्ट आहे का पाहिलं,
आणि माझ्या तळहातावर सुटी नाणी ठेवत गेली
एकेक करून.